ऑपरेटरबाईंची मागची खोली

हॉटेलातला टेलिफोनचा बोर्ड काढला तो दिवस मंगळवार होता. दोन माणसं आली, स्क्रू सोडवले, तारा कापल्या आणि अर्ध्या तासात बोर्ड उचलून टेम्पोत टाकून घेऊन गेली. एकोणीस वर्षं त्या बोर्डासमोर बसलेल्या ऑपरेटरबाई भिंतीवरच्या चौकोनी डागाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कानाला लावायचा हेडफोन पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या.

बेचाळीस खोल्यांचं ते हॉटेल स्टेशनच्या समोरच होतं. तिथं उतरणारी माणसं सहलीची नव्हेत, कामाची. कुणी औषधं बनवायची यंत्रं विकणारा, कुणी कारखाने तपासणारा, कुणी दोन दिवसांच्या बैठकीला आलेली दुभाषी. या सगळ्यांना बाईंचा आवाज ओळखीचा होता, चेहरा मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. ‘थांबा हं, जोडून देते,’ एवढं त्या म्हणाल्या की पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला आणि बोर्डावरचे दिवे लागेनासे झाले.

मॅनेजर मनाने वाईट नव्हता. म्हणाला, “बाई, तुम्हाला घरी नाही बसवत मी. खाली कपड्यांच्या खोलीत या. चादरी-टॉवेल मोजायला भरवशाचं माणूस हवंच आहे.”

“चादरी कुणीही मोजेल,” बाई म्हणाल्या. “जिन्यामागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर धूळ खात पडलेत. पाहुणे तिथं जातात आणि हात हलवत परत येतात. ती खोली मला द्या.”

“तुम्हाला येतं का त्यातलं?”

“बोर्ड तरी मी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते?”

मॅनेजरला हसू आलं आणि खोलीची किल्ली बाईंच्या हातात आली. तीन महिन्यांची मुदत मिळाली.

आता शिकवणार कोण? बाईंची धाकटी नणंद एका कंपनीत कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायची. दोघींचं नातं असं, की एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय चहा गोड लागत नसे. रविवारी दुपारी ती यायची, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि पहिल्याच वाक्याला म्हणायची, “वहिनी, उंदराला घाबरू नका, तो चावत नाही.”

“वन्सं, उंदराला नाही घाबरत. मास्तरणीला घाबरते.”

बाईंचा नवरा पुस्तकं बांधायचा. त्याने जाड पुठ्ठ्याची एक वही बांधून दिली. बाई तिच्यात सगळं आपल्या भाषेत लिहायच्या. नणंद म्हणायची, “पासवर्ड लांब असावा.” बाई लिहायच्या, ‘चार असंबद्ध शब्दांची माळ. कुत्र्याचं नाव नको, लग्नाची तारीख नको, ते सगळ्या नातेवाइकांना पाठ असतं.’ नणंदेने ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने आपल्या कंपनीतल्या लोकांसाठी तिनं तेच वाक्य मुकाट्याने उतरवून घेतलं.

तीन महिने संपले तेव्हा मुदतीची आठवण ना मॅनेजरने काढली, ना बाईंनी. खोलीत लख्ख दिवा होता, प्रिंटरमध्ये कागद होता, प्रत्येक प्रकारच्या फोनला लागणाऱ्या वायरी खिळ्यांवर ओळीने टांगलेल्या होत्या. आणि मुख्य म्हणजे बाई होत्या. एकोणीस वर्षं परगावी आलेल्या माणसांचे आवाज ऐकून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. प्रवासातला माणूस यंत्र बिघडल्यामुळे घाबरत नाही. तो घाबरतो, कारण तिथं त्याचं कुणी नसतं. म्हणून त्या आधी माणसाला खुर्ची द्यायच्या आणि मग यंत्राकडे बघायच्या.

कुणी घाईघाईने प्रिंट काढून निघाला, की त्या दारातूनच हाक मारायच्या. “साहेब, तुमचं मेल उघडंच राहिलंय. हा सगळ्यांचा कॉम्प्युटर आहे. दार सताड उघडं टाकून चाललात की!” माणूस जीभ चावून परत यायचा. बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि तो आपलं खातं बंद करायचा. कुणाचंही मेल त्यांनी कधी वाचलं नाही. बोर्डावर असतानाही जोडलेला फोन त्यांनी कधी ऐकला नव्हता.

दुभाषीबाईंना त्यांनी तीन नकलांची सवय लावली. महत्त्वाचं काम एक लॅपटॉपवर, एक बॅगेतल्या पेन ड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. “एक जवळ, एक बॅगेत, एक आभाळात,” बाई म्हणायच्या. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या विक्रेत्याने हे ऐकून खरंच खिडकीतून वर पाहिलं होतं. यंत्रं विकणाऱ्या गृहस्थांचा फोन एकदा पुलावरून थेट नदीत पडला. मेल उघडताना लागणारा कोड त्या फोनवरच यायचा. पण महिन्यापूर्वीच बाईंनी त्यांना फोनशिवाय चालणारे जास्तीचे कोड कागदावर उतरवून पाकिटात ठेवायला लावले होते. बाकी काही सुचत नव्हतं तेव्हा त्या गृहस्थांनी पाकीट उघडलं, आणि दहा मिनिटांत त्यांचं काम सुरू झालं. पुढच्या खेपेला ते बाईंसाठी पेनांचा एक जोड घेऊन आले.

एकच माणूस असा होता, की ज्याच्यापुढे बाईंचं सगळं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तो पंपवाला. शेतीचे आणि कारखान्यांचे पंप विकायचा, दर महिन्याला चार दिवस यायचा. उंचापुरा, बोलका आणि स्वतःवर फार खूश. त्याच्या लॅपटॉपच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि तिच्यावर पासवर्ड. मेलला तोच, बँकेला तोच, कंपनीच्या कामालाही तोच.

“घराला, दुकानाला आणि तिजोरीला एकच किल्ली लावता का हो तुम्ही?” बाईंनी एकदा विचारलं.

“बाई, पंधरा वर्षं फिरतोय मी. माझं आजवर काही गेलेलं नाही.”

“गेलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, असं थोडंच आहे?”

तो मोठ्याने हसला. चिठ्ठी तेवढी त्यानं लॅपटॉपच्या कडेवरून काढून आतल्या बाजूला लावली आणि म्हणाला, “घ्या, तुमच्या शब्दाचा मान ठेवला.”

असंच दीड वर्ष गेलं. मग हॉटेलात पंप विक्रेत्यांची दोन दिवसांची परिषद भरली. साठ-पासष्ट माणसं. सगळ्या खोल्या भरलेल्या, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात खुर्च्या कमी पडलेल्या. पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला, नाश्त्याच्या वेळी, एक विक्रेती बाईंच्या खोलीत डोकावली.

“तुमचं वायफाय फारच चौकस झालंय हो. आता मेलचा पासवर्डही मागतं.”

बाईंचा हात प्रिंटरवरच थांबला. “दिलात तुम्ही?”

“नाही. कंटाळा आला, म्हटलं नंतर बघू.”

“फार चांगला कंटाळा आला तुम्हाला. बसा जरा.”

हॉटेलचं वायफाय खोलीचा नंबर आणि आडनाव विचारायचं, तिसरी गोष्ट कधीच नाही. बाईंनी आपला फोन उघडून आजूबाजूच्या वायफायची यादी पाहिली. हॉटेलचं नाव तिथं होतं. आणि त्याच्या खाली पुन्हा हॉटेलचंच नाव, फक्त शेवटी एक अक्षर जास्त. दुसऱ्या नावासमोरच्या सिग्नलच्या रेघा भरगच्च होत्या. घाईतला माणूस तेच आधी दाबणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्या माणसाला फोन लावला. “आमच्याकडे काही नवीन बसवलंत का?” तो म्हणाला, “सहा महिन्यांत तुमच्या हॉटेलात पाऊलही टाकलं नाही मी.” एवढं पुरे होतं.

बाई मॅनेजरकडे गेल्या. त्यानं ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे कुणीतरी आपल्या नावाने खोटं वायफाय चालवतंय?”

“हो. लोक आपलं समजून त्यात शिरतात, पासवर्ड लिहितात, आणि तो त्या चोराला मिळतो. वर सभागृहात सगळे जमलेत. आत्ता सांगायला हवं.”

“थांबा, थांबा. असं जाहीर सांगितलं तर बोभाटा होईल. हॉटेलचं नाव जाईल. आधी गुपचूप शोधू, बंद करू...”

“बोभाटा आपण केला तर लोक म्हणतील सावध केलं. दुसऱ्या कुणी केला तर म्हणतील लपवलं.” बाई शांतपणे म्हणाल्या. “आणि ज्यांनी पासवर्ड देऊन टाकलाय, त्यांचं काय? प्रत्येक मिनिटाला त्यांचं घर लुटलं जातंय. मी वर चाललेय. तुम्ही आलात तर बरं दिसेल.”

मॅनेजर आला. न येऊन सांगतो कुणाला?

सभागृहात परिषदेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले होते. बाई बाजूच्या दाराने आत शिरल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. साठ-पासष्ट डोकी, तेवढ्याच डोळ्यांच्या जोड्या. एवढी वर्षं त्यांनी हजारो माणसांशी बोलण्यात घालवली होती, पण भिंतीआडून. समोर उभं राहून त्या कधी चार माणसांतही बोलल्या नव्हत्या. मग समोरच्या रांगेत बसलेला एक माणूस टेबलाखाली फोन धरून त्यात बोटं चालवताना त्यांना दिसला. तो काय लिहीत असेल कुणास ठाऊक! बाई सरळ मंचावर गेल्या.

“माफ करा. दोन मिनिटं हवीत, आणि आत्ताच हवीत.”

अध्यक्षांनी भुवया चढवल्या. “माझं झाल्यावर बोला.”

“तुमचं झाल्यावर उशीर होईल, साहेब. बैल गेल्यावर झोपा करण्यात काय अर्थ?” असं म्हणून त्यांनी माईक जवळ ओढला. आवाज तोच निघाला, बोर्डावरचा. स्पष्ट, सावकाश, न घाबरवणारा.

“सगळ्यांनी आपापल्या फोनचं आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आधी बंद करा, कारण मग सांगते.”

खुर्च्यांची थोडी कुरकुर झाली, पण हात खिशांकडे गेले. मग बाईंनी खोट्या नावाची गोष्ट सांगितली. “आज सकाळपासून ज्यांनी वायफायला मेलचा पासवर्ड दिला असेल, त्यांनी लाजायचं काम नाही. नाव आमचंच होतं, फसणारच माणूस. आता फोनचं स्वतःचं इंटरनेट चालू करा आणि त्यावरून पासवर्ड बदला. आधी मेलचा. का? कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या मेलमधून मिळतात. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तिथंही बदला. ज्यांना जमणार नाही त्यांनी मागच्या खोलीत यावं, रांगेत. सगळ्यांचं होईल.”

कुणीतरी विचारलं, “दर वेळी खरं कुठलं अन् खोटं कुठलं, ओळखायचं कसं?”

“नुसतं नाव बघून मलाही ओळखता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून कुठल्याही हॉटेलात गेलात की समोरच्या माणसाला नाव विचारून घ्या, अक्षर न अक्षर. आणि वायफायने मेलचा पासवर्ड मागितला की समजा, काहीतरी काळंबेरं आहे.”

अध्यक्ष एव्हाना खुर्चीत बसले होते आणि चष्मा कपाळावर सरकवून आपल्याच फोनमध्ये काहीतरी बदलत होते.

सात माणसं मागच्या खोलीत आली. सहा जणांचं काम पाच-पाच मिनिटांत झालं. सातवा पंपवाला. नेहमी दारातूनच आवाज देणारा तो माणूस भिंतीला टेकून मुकाट उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने फोन पुढे केला.

“पासवर्ड चुकीचा म्हणतंय, बाई. माझाच पासवर्ड, आणि मलाच चुकीचा म्हणतंय.”

चोर त्याच्या आधी आत शिरला होता आणि कुलूप बदलून मोकळा झाला होता. पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं, पत्ते, नकाशे, करार, सगळं त्या मेलमध्ये. “संपलं सगळं,” पंपवाला खाली बसत म्हणाला. “तुम्ही सांगत होतात. आता म्हणा काय म्हणायचं ते.”

बाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. “खातं उघडताना फोन नंबर दिला होतात?”

“दिला असेल.”

“तोच नंबर आहे अजून?”

“हो.”

“मग संपलं बिंपलं काही नाही. चोराने कुलूप बदललंय, पण घर अजून तुमच्या नावावर आहे. ‘पासवर्ड विसरलो’ ते दाबा. नाही, वायफाय नको, फोनचंच इंटरनेट. हां. आता नंबरवर कोड येईल. तो मला सांगू नका, कुणालाच सांगू नका. तुम्हीच भरा.”

कोड आला. घाईत पहिल्यांदा आकडा चुकला. दुसऱ्यांदा दार उघडलं. तो खुर्चीतून उठायलाच लागला, तेव्हा बाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं.

“थांबा. चोर अजून आतच बसलाय. सेटिंगमध्ये जा, कुठल्या कुठल्या यंत्रांवर खातं उघडं आहे ते बघा.”

तीन यंत्रं दिसली. पंपवाल्याचा फोन, पंपवाल्याचा लॅपटॉप आणि एक भलतंच. ‘सगळीकडून बाहेर काढा’ असं बटण होतं, ते त्याने इतक्या जोरात दाबलं की बाई म्हणाल्या, “हळू, काच फुटेल.” मग चार असंबद्ध शब्दांचा नवा पासवर्ड झाला. पासवर्डच्या जोडीला फोनवर येणाऱ्या कोडची दुहेरी कडी बसली.

“आता तरी झालं?”

“आता शेवटचं. ही गोष्ट लोक विसरतात आणि इथंच फसतात.” बाईंनी मेल पुढे पाठवण्याचे नियम कुठे असतात ते दाखवलं. तिथं एक अनोळखी पत्ता बसवलेला होता. येणारं प्रत्येक मेल गुपचूप त्या पत्त्यावर जाणार होतं. पासवर्ड हजारदा बदलला असता तरी जात राहिलं असतं. पंपवाल्याने तो पत्ता वाचला, पुन्हा वाचला आणि पुसून टाकला. गेलेल्या मेलची यादी त्यांनी मिळून तपासली. चोराने अजून कुणाला काही पाठवलेलं नव्हतं. तरीही बाईंनी त्याला सगळ्या गिऱ्हाइकांना दोन ओळी पाठवायला लावल्या, की माझ्या नावाने काही विचित्र मेल आलं तर आधी मला फोन करा. बँकेलाही त्याने तिथूनच फोन केला.

उठताना त्याने लॅपटॉप उघडला, आतली पिवळी चिठ्ठी काढली आणि बारीक बारीक तुकडे करून टोपलीत टाकले. “ताई,” तो म्हणाला. आजवर तो ‘बाई’ म्हणत आला होता. “ताई, मी फार बोलत होतो.”

“बोला की. बोलल्याशिवाय पंप कसे विकाल?”

दुपारी बाई फोन हातात धरून हॉटेलभर फिरल्या. खोट्या नावाच्या रेघा कुठे वाढतात, कुठे कमी होतात ते बघत जिना चढल्या, उतरल्या, स्वागतकक्षात आल्या. वर्तमानपत्रांच्या लाकडी मांडणीजवळ रेघा पुऱ्या भरल्या. मांडणीमागे काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा एक काळा डबा होता आणि त्याला चार्जिंगची बॅटरी जोडलेली. मॅनेजर तो उचलून कचऱ्यात टाकायला निघाला. बाईंनी अडवलं. “हात लावू नका. पोलीस येईपर्यंत इथं खुर्ची टाकून बसा.” मॅनेजर बसला. पोलिसांनी डबा नेला, जबाब घेतले. तो तिथं कुणी ठेवला ते कधीच कळलं नाही. आदल्या दिवशी एक माणूस बराच वेळ वर्तमानपत्र चाळत बसला होता एवढं दारावरच्या माणसाला आठवलं, पण चेहरा काही आठवेना.

हॉटेलचं नाव गेलं नाही. उलट परिषदेच्या शेवटी अध्यक्षांनी आपल्या भाषणातली दहा मिनिटं कापून बाईंना मंचावर बोलावलं आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात होणाऱ्या बैठकीत तासभर बोलण्याचं आमंत्रण दिलं. प्रवासखर्च त्यांचा, राहण्याची सोय त्यांची.

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “तू बोलणार? स्टेजवर?” नणंद म्हणाली, “वहिनी, शिकवलं मी आणि नाव तुमचं! कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच.”

“मग चला माझ्याबरोबर, बॅग धरायला.”

“मी नाही बाई. तुमची भीती वाटते आता.”

बाई एकट्याच गेल्या. जन्मभर प्रवाशांची सेवा केलेल्या त्या बाईंचा कामासाठीचा हा पहिला प्रवास होता. तिकीट त्यांनी फोनमध्ये उतरवून घेतलं होतं, शिवाय कागदावरही. शहराचा नकाशा निघण्याआधीच डाउनलोड केला होता, कारण गाडीत इंटरनेट मिळेल याचा भरवसा नव्हता. आणि ते मिळालंही नाही. शेजारचा तरुण व्यापारी हॉटेलचा पत्ता सापडत नाही म्हणून हवालदिल झाला होता. बाईंनी त्याला आपल्या नकाशावर रस्ता दाखवला आणि गाडी पोहोचेपर्यंत बाकीच्याही चार गोष्टी सांगून टाकल्या. भाषणाची तालीम फुकटात झाली.

बैठकीत सव्वाशे माणसं होती. बाई कागद न बघता बोलल्या. लोक हसले, लिहून घेत राहिले, प्रश्न विचारत राहिले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका तपासनीसबाईंनी हात वर केला. देशाची सीमा ओलांडताना लॅपटॉप तपासायला मागितला तर कंपनीची गुपितं कशी राखायची?

बाईंनी माईक जवळ घेतला.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “अंदाजाने सांगितलं तर तुम्ही अडचणीत याल. मी उद्या सकाळपर्यंत इथं आहे. ज्याला माहीत आहे त्याला विचारते आणि नाश्त्याला सांगते.”

संध्याकाळी त्यांनी नणंदेला फोन लावला. अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या, पैकी दहा मिनिटं भांडत होत्या. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तपासनीसबाई ताट घेऊन बसल्या तेव्हा ऑपरेटरबाईंनी वही उघडली.

“गुपितं बरोबर नेऊच नका. रिकामा लॅपटॉप न्या, पोहोचल्यावर लागेल तेवढंच कंपनीकडून उतरवून घ्या, निघताना पुसा. आणि त्या त्या ठिकाणचा कायदा काय आहे ते कंपनीच्या वकिलाला आधी विचारा. हे माझं नाही, माझ्या नणंदेचं. फार हुशार आहे ती. तिला मात्र मी असं म्हणाले, हे कळू देऊ नका.”

तपासनीसबाईंनी लिहून घेतलं. तोवर शेजारच्या टेबलावरचे दोघं आपापल्या कपबशा घेऊन उठले आणि खुर्च्या ओढून जवळ येऊन बसले.